वाचकांचे प्रश्न : युद्धावर गेलेले मालगाडीचे इंजिन

प्रश्न : माझे आजोबा जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत सोलापूरच्या शेडमध्ये फायरमन होते, त्यामुळे जुन्या इंजिनांचे वेड आमच्या घरात पूर्वापार आहे. पहिल्या महायुद्धातील फ्रान्सच्या एका छायाचित्रात टेंडरवर (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर) ‘आर.ओ.डी.’ अशी अक्षरे असलेले मालगाडीचे इंजिन पाहिले. ते मूळचे कोणाचे? सैन्याने नेमके तेच का निवडले? आणि आपल्या मुंबई-रायचूर मार्गावर ते कधी धावले का?
— एक वाचक, रेल्वे लाईन्स, सोलापूर

उत्तर : ‘आर.ओ.डी.’ म्हणजे रॉयल इंजिनिअर्स या ब्रिटिश सैन्यदलातील ‘रेल्वे ऑपरेटिंग डिव्हिजन’, अर्थात रणभूमीमागची रेल्वे चालवणारा विभाग. इंजिन मात्र मुळात सैन्याचे नव्हते. इंग्लंडमधील ग्रेट सेंट्रल रेल्वेचे प्रमुख यंत्र-अभियंता जॉन रॉबिन्सन यांनी १९११ मध्ये कंपनीच्या मँचेस्टरजवळील गॉर्टन कारखान्यात ‘८ के’ हा वर्ग तयार केला. खाणींतील कोळसा इमिंगहॅम बंदरापर्यंत ओढून नेणे हे त्याचे काम होते, आणि ते नवे बंदर १९१२ मध्ये सुरू व्हायचे होते. रॉबिन्सन यांच्याच १९०२ च्या आठ चाकी इंजिनाला मोठा बॉयलर बसवला, पुढे दोन लहान चाके जोडली आणि वाफ अधिक तापवण्याची सोय केली, की ‘८ के’ तयार होते. पुढे दोन, मध्ये आठ जोडचाके आणि मागे एकही नाही, म्हणून ही मांडणी २-८-० अशी लिहितात.

या इंजिनात डोळे दिपवणारे काहीही नाही, आणि माझ्या मते निवडीचे खरे कारण तेच आहे. बाहेरच्या बाजूला २१ इंच व्यासाचे दोन सिलिंडर, त्यांतील दट्ट्याची २६ इंचांची धाव, चौरस इंचाला १८० पौंड दाब आणि ४ फूट ८ इंच व्यासाची, म्हणजे माणसाच्या उंचीहूनही लहान अशी जोडचाके. चाक लहान असले की वेग बेताचा राहतो, पण रुळावर पडणारी ओढ वाढते. या मापांवरून ती ३१,३२६ पौंड निघते. सुमारे ७३ टन वजनापैकी बहुतेक भार आठ जोडचाकांवर विभागलेला असल्यामुळे चाके सहसा जागच्या जागी घसरत नसत आणि रुळांवरही अवाजवी ताण येत नसे. आपल्या आजोबांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की शेगडीचे क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस फूट होते, म्हणजे एका फायरमनला फावड्याने सांभाळता येईल एवढेच.

ही ओढ कशासाठी लागे, हे त्या काळच्या इंग्रजी कोळसागाडीकडे पाहिल्यावर कळते. बहुतेक वाघिणींना इंजिनावरून लावता येणारे ब्रेक नसत, आणि दोन वाघिणींमध्ये तीन कड्यांची सैल साखळी असे. ड्रायव्हर वाफ अगदी थोडी सोडी. पहिली साखळी ताणली जाई, मग दुसरी, मग तिसरी, आणि तो खणखणाट शेवटच्या गार्डच्या डब्यापर्यंत पोहोचल्यावरच सारी गाडी हलली असे म्हणता येई. घाई केली तर साखळी तुटे. मोठ्या उतारापूर्वी गाडी थांबवून एकेका वाघिणीचा हातब्रेक दांड्याने दाबून अडकवावा लागे. बोरघाटातील सदतिसास एक या चढ-उतारावर असली गाडी नेण्याची कल्पनाही नकोशी वाटते.

युद्धाच्या सुरुवातीला निरनिराळ्या कंपन्यांची इंजिने फ्रान्समध्ये नेली गेली, पण तऱ्हा अनेक असल्या की सुटे भाग आणि दुरुस्ती यांचा मेळ बसत नाही. म्हणून ‘८ के’ हा एकच नमुना ठरवून १९१७ ते १९१९ या काळात ५२१ इंजिने बांधण्यात आली. ग्रेट सेंट्रलचे महाव्यवस्थापक सर सॅम फे त्याच सुमारास युद्धखात्यात वाहतूक-संचालक होते, त्यामुळे निवडीमागे वशिला होता की काय, असा संशय कोणालाही येईल. तुलना करू गेल्यास ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे अभियंता चर्चवर्ड यांचे १९०३ पासूनचे २-८-० इंजिन ओढीला सरस होते (३५,३८० पौंड); परंतु त्याचा बॉयलर २२५ पौंड दाबाचा होता, आणि तो निगुतीने राखायला घरचा कारखाना हवा. आघाडीमागच्या उघड्या शेडमध्ये साधेपणाचीच किंमत अधिक असते.

मुंबई-रायचूर मार्गावर ते धावणे शक्यच नव्हते. इंग्लंड व फ्रान्समधील रुळांतील अंतर १,४३५ मिलिमीटर, तर आपल्या ब्रॉडगेजचे १,६७६. नुसती चाके सरकवून हा फरक भरून निघत नाही. मात्र त्याच २-८-० मांडणीची, भारतासाठी ठरवलेल्या ब्रिटिश मानकांनुसार बांधलेली ‘एच.जी.’ म्हणजे जड मालवाहू इंजिने आपल्याकडे होती. शिवाय सोलापूर जिल्ह्याशी एक आडवळणाचे नातेही आहे. त्या ५२१ पैकी ३६९ इंजिने एकट्या ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बांधली. ३२ बांधली ती लीड्सच्या किटसन कंपनीने, आणि पूर्वी कुर्डुवाडीहून सुटणाऱ्या बार्शी लाईट या अरुंद रुळांच्या रेल्वेची सुरुवातीची छोटी इंजिनेही याच किटसनची.

प्रश्न : युद्ध संपल्यावर एवढ्या इंजिनांचे काय झाले? त्यांपैकी एखादे आज पाहायला मिळते का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सरकारने ती विकायला काढली आणि गिऱ्हाइके कमी पडल्याने भाव उतरत गेला. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने २७३ घेतली, ग्रेट वेस्टर्नने १००. तेरा इंजिने ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या एका कोळसा कंपनीकडे गेली. १९४१ मध्ये सैन्याने यांपैकी ९२ पुन्हा मागून घेतली आणि ती इजिप्त-पॅलेस्टाइनकडे रवाना केली. ब्रिटनमधील शेवटची इंजिने १९६६ मध्ये सेवेतून गेली. १९१२ मध्ये गॉर्टनला बांधलेले, पुढे ६३६०१ हा क्रमांक मिळालेले एक इंजिन ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. ते मूळच्या ‘८ के’ पैकी असून युद्धासाठी बांधलेले नाही. प्रत्यक्ष आर.ओ.डी.चे इंजिन पाहायचे असेल तर ऑस्ट्रेलियाच गाठावी लागेल. तिथे तीन जपून ठेवली आहेत.