मुलीला प्राणिशास्त्र शिकायचंय, पण घरात विमा कुणाचा काढलाय?

कराडजवळून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४६, खाजगी कारखान्यात सुपरवायझर, हातात पगार ६२ हजार. पत्नी घरी शिवणकाम करतात, मुलगा आठवीत आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ७१ टक्के, पण गणित आणि आयटी घेऊन. 'इंजिनिअरिंगला त्याचा काय उपयोग' असं सगळे म्हणाले, म्हणून जीवशास्त्र अकरावीलाच सोडलं. आता तिला इंजिनिअरिंग नकोय, प्राणिशास्त्र हवंय. जवळच्या कॉलेजने जीवशास्त्र नाही म्हणून परत पाठवलं. मग एक समुपदेशक भेटले. त्यांनी एक खाजगी विद्यापीठ सुचवलं: जीवशास्त्राची अट नाही, चार वर्षांची बीएस्सी, फी वर्षाला २ लाख ४० हजार, हॉस्टेल १ लाख २० हजार, आणि जागा धरून ठेवायला आठवड्यात ५० हजार भरा. वाचक विचारतात, "ताई, तिच्या शिक्षणासाठी काढलेली पॉलिसी मोडू, की शैक्षणिक कर्ज काढू? एजंट म्हणतो पॉलिसी ठेवा, ३० लाख मिळतील, त्यातून कर्ज फिटेल."

दादा, तुमच्या प्रश्नाकडे येते. पण तुम्ही पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय, तो मी तीनदा मोठा करून पाहिला. ज्याच्या जिवाचा विमा आहे त्या रकान्यात तुमच्या मुलीचं नाव आहे. वय ५ वर्षं. तुमचं नाव खाली आहे, हप्ता भरणारा म्हणून. हप्ता भरणारा गेला तर पुढचे हप्ते माफ होतात, त्या जोडकलमाचा रकाना कोरा आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. तेरा वर्षं तुम्ही वर्षाला ४८ हजार भरून विमा काढलात तो एका शाळकरी मुलीचा, जिच्या कमाईवर घरातलं कुणीही अवलंबून नव्हतं. ज्या माणसाच्या पगारावर चार जण जेवतात आणि २२ लाखांचं गृहकर्ज फिटतंय, त्याचा विमा शून्य. तुम्हाला काही झालं तर ही पॉलिसी घरी एक रुपया आणणार नाही, उलट पुढचा हप्ता मागेल. तुमच्या पश्चात तो भरणार कोण? शिवणकामातून?

मुलांच्या नावाने पॉलिसी विकणं हा आपल्याकडचा फार जुना धंदा आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. बाप मुलीच्या नावावर 'नाही' म्हणत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. कवच लागतं ते कमावत्या माणसाला. मुलांसाठी लागते ती बचत. या दोन्हींची खिचडी करून कमिशन तेवढं पक्कं झालं.

तुम्ही गेलात तर घरी काय येईल? पीएफमधले साडेसहा लाख, पीएफशी जोडलेल्या ईडीएलआय योजनेचे जास्तीत जास्त ७ लाख, आणि पत्नीला छोटंसं निवृत्तिवेतन. एकूण साडेतेरा लाख धरा, त्यातही ईडीएलआय पूर्ण मिळेल असं मानून. समोर कर्ज २२ लाखांचं. म्हणजे घर वाचवायलाच पैसे पुरत नाहीत, मुलीचं शिक्षण आणि मुलाची दहावी तर पुढची गोष्ट.

म्हणून पहिलं काम प्रवेशाचं नाही. तुमच्या स्वतःच्या नावाने साधा मुदत विमा घ्या, ज्यात शेवटी काही परत मिळत नाही तोच. कर्जाचे २२ लाख, दोन्ही मुलांच्या शिक्षणाचे २०, आणि घरखर्च वर्षाला ३ लाख धरून पंधरा वर्षांचे ४५. बेरीज ८७ लाख, म्हणून कवच १ कोटीचं, साठीपर्यंत. तुमच्या वयाला वर्षाला साधारण २५ ते ३५ हजार पडतील. तंबाखू असेल तर जास्त. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही गेलाय. अर्ज करतानाच विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली पॉलिसी मागा. म्हणजे ती रक्कम पत्नी आणि मुलांचीच राहते, देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. हे नंतर करता येत नाही, पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

आता एजंटच्या ३० लाखांचं. विमा रक्कम ९ लाख. तुम्ही पाठवलेल्या पत्रकाप्रमाणे बोनस वर्षाला ३६ हजारांच्या आसपास जमा होतोय, वीस वर्षांचे झाले ७ लाख २० हजार. दोन्ही मिळून १६ लाख आणि थोडे वर. ३० लाख कुठून आले ते त्या एजंटकडून लेखी मागा; तो देणार नाही. वीस वर्षांत तुम्ही ९ लाख ६० हजार भरणार, मिळणार १६. परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. आणि मिळणार कधी? मुलगी पंचविसाची झाल्यावर. 'शिक्षणाची' म्हणून विकलेली पॉलिसी शिक्षण संपल्यावर पिकते!

तरीही मी ती मोडा म्हणणार नाही, आणि याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल. आज मोडली तर तुम्हाला ६ लाख ३० हजार मिळतायत. ठेवली तर अजून सात हप्ते, म्हणजे ३ लाख ३६ हजार भरून सात वर्षांनी १६ लाख. इथून पुढचा हिशेब केला तर हा परतावा ९ टक्क्यांच्या जवळ जातो. नुकसान मागच्या तेरा वर्षांत होऊन गेलंय. आता मोडलीत तर उरलेलं चांगलं तेवढं विमा कंपनीला परत देऊन याल. पॉलिसी चालू ठेवा, फक्त तिला शिक्षणाचा पैसा समजू नका. ती तुमच्या मुलाच्या कॉलेजच्या वेळी हाती येईल.

पतसंस्थेतल्या ४ लाखांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, 'साडेदहा टक्के मिळतात'. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेला ते नाही. तुमच्या घरी अडीअडचणीला हीच एक रक्कम आहे. मुदत संपेल तशी ती बँकेत किंवा पोस्टात आणा. व्याज कमी मिळेल, मिळू द्या.

आता कर्ज. १४ लाख ४० हजार, ११ टक्क्यांनी, दर वर्षी ३ लाख ६० हजार उचलायचे. शिकताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढतच राहतं. पाच वर्षांनी देणं २० लाखांच्या घरात जातं, आणि दहा वर्षांचा हप्ता बसतो महिन्याला साडेसत्तावीस हजार. शिवाय साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँक तारण मागते. घर आधीच गहाण, म्हणजे तीच पॉलिसी बँकेकडे जाणार.

आणि हा हप्ता फेडणार कोण? प्राणिशास्त्रात नुसत्या बीएस्सीवर एवढा हप्ता झेपेल अशी नोकरी मिळणं कठीण. पुढे एमएस्सी, मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. ते पार पडलं तर ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना ३७ हजार अधिक घरभाडं, २०२३ पासूनचा हा दर आहे. पण तिथे पोचायला आजपासून सहा-सात वर्षं, आणि हप्ता त्याच्या आधीच सुरू. जो अभ्यासक्रम हळूहळू फळ देतो, त्याला कर्ज काढायचं नसतं. तो स्वस्तात शिकायचा असतो, आणि आपल्याकडे तो स्वस्तात शिकता येतो. अनुदानित महाविद्यालयातली बीएस्सी वर्षाला काही हजारांत होते. अडलंय ते फक्त एका विषयावर.

तो विषय नंतर देता येतो, हे तुम्हाला त्या समुपदेशकाने का सांगितलं नसेल? बारावी झालेल्या मुलांना राज्य मंडळाच्या परीक्षेला एकच विषय घेऊन बसता येतं. जीवशास्त्र, ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिक. तिच्या जुन्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेच्या अर्जाची चौकशी करा. दुसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. तिथेही एकाच विषयाला नाव नोंदवता येतं आणि परीक्षा वर्षातून दोनदा असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉक्टरकीच्या प्रवेशालासुद्धा असं नंतर दिलेलं जीवशास्त्र मान्य केलंय. पण प्राणिशास्त्राचा प्रवेश त्या त्या विद्यापीठाच्या नियमाने होतो, म्हणून अर्ज भरण्याआधी ज्या कॉलेजात जायचंय त्यांच्याकडून लेखी घ्या की वेगळं गुणपत्रक चालेल. कोल्हापूर, सातारा, सांगली, तिन्हीकडे विचारा. तोंडी 'चालेल'वर वर्ष घालवू नका.

हे एक वर्ष वाया जाईल म्हणून घरात नाराजी आहे, असं तुम्ही लिहिलंय. याच वर्षात ती आयसरची, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा देऊ शकते. पुण्यात २००६ पासून ही संस्था आहे. तिथे बारावीला जीवशास्त्र असलंच पाहिजे अशी अट नाही. भौतिक, रसायन, गणित हे तीन चालतात, आणि आदल्या वर्षी बारावी झालेल्यांनाही बसता येतं. पेपरात ६० प्रश्न, प्रत्येक विषयाचे १५. म्हणजे मंडळासाठी केलेला जीवशास्त्राचा अभ्यास इथेही कामाला येतो आणि गणित तर तिचं झालेलंच आहे. स्पर्धा कडक आहे, तेव्हा यावर सगळी भिस्त ठेवू नका. पण फॉर्म भरा. पुस्तकं, क्लास, फॉर्म, प्रवास, सगळं धरून वर्षाचा खर्च ५० हजारांच्या आत राहील. जागा धरायला ते जेवढे मागतायत तेवढ्यात.

गणित घेतलं म्हणून तिचं नुकसान झालं, हेही मनातून काढा. जंगलातले वाघ आता कॅमेऱ्यात टिपलेल्या पट्ट्यांवरून संख्याशास्त्राने मोजतात. २०२२ च्या गणनेतला ३,६८२ हा आकडा तसाच आलाय. भारतात ही पद्धत रुजवणारे उल्हास कारंथ मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या वन्यजीवशास्त्राच्या एमएस्सीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला प्राणिशास्त्र चालतं तसं गणित, संख्याशास्त्र आणि इंजिनिअरिंगही चालतं. जीवशास्त्राचा पेपर काही कारणाने नाहीच जमला, तर संख्याशास्त्राची बीएस्सी हा उत्तम दुसरा रस्ता आहे.

नातेवाईक सलीम अलींचं नाव घेतात, 'त्यांच्याकडे कुठे पदवी होती' म्हणून. ते खरं आहे, पण अर्धं. सकाळी दावर कॉलेजात हिशेबनिशी आणि व्यापारी कायदा शिकून ते झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राच्या तासांना बसत. पुढे झूलॉजिकल सर्व्हेतली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही ती विद्यापीठाची पदवी नव्हती म्हणूनच. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ३५० रुपये महिन्यावर त्यांनी गाइड लेक्चररचं काम धरलं. त्यांनाही पदवीवाचून अडलं होतं. मुलीला पदवी हवीच, ती कर्जात बुडून नको एवढंच.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की ती नववीपासून पावसाळ्यात कोयनेकडच्या मामाच्या गावी बेडकांच्या नोंदी ठेवते. तारीख, पाऊस, आवाज कुठून आला. तीन वह्या झाल्या. दादा, त्या वह्या जपून ठेवा. मुंबईची बीएनएचएस, १८८३ सालची संस्था, हौशी लोकांसाठी निसर्ग अभ्यासाचे छोटे कोर्स घेते. या वर्षात तिला तसला एक करू द्या. मुलाखतीत समोरची माणसं अशा वह्या मागून घेतात.

महिन्याचा हिशेब असा बसतो: पगार ६२ हजार, गृहकर्जाचा हप्ता साडेचोवीस, घरखर्च २२, जुन्या पॉलिसीचे ४. उरतात साडेअकरा. त्यातून मुदत विम्याला ३ हजार आणि मुलीच्या वर्षाला ४. राहिलेल्या साडेचार हजारांचं आवर्ती खातं दोघांच्या कॉलेजसाठी उघडा. पत्नीचं शिवणकामाचं उत्पन्न यात धरलेलं नाही, ते त्यांचं त्यांच्या नावावर राहू दे.

समुपदेशकांचा फोन आला की ५० हजार भरणार नाही एवढंच सांगा, कारणं देत बसू नका. आणि मुदत विम्याचा अर्ज स्वतः भरा, एजंटच्या हातात कोरा सही करून देऊ नका. तंबाखूबद्दल पत्रात तुम्ही 'कधीमधी' असं लिहिलंय. पॉलिसीला तीन वर्षं व्हायच्या आत काही झालं आणि अर्जात खोटं निघालं, तर कंपनी दावा नाकारू शकते. त्या रकान्यात 'हो' लिहा. हप्ता चार-सहा हजारांनी वाढला तरी चालेल.