युरोपात महिनाभर रेल्वेने फिरायचं आहे. युरेल पास घेतला की वेगळं काही काढावं लागत नाही ना?

तिकीट नाही, पण काही गाड्यांना आरक्षण लागतं आणि त्याचे पैसे वेगळे. फ्रान्सची टीजीव्ही, स्पेनची एव्हीई, इटलीची फ्रेच्चारोसा, लंडन-पॅरिस युरोस्टार: इथे नुसत्या पासवर चढता येत नाही. त्यातही टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच, म्हणून आधी त्या तारखा पक्क्या करा, हॉटेलं नंतर. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये मात्र बहुतेक गाड्यांत सरळ जाऊन बसा. पासची खरी मजा तिथेच आहे!

रोज गाडी धरणार नसाल तर सलग महिन्याचा पास नको. दोन महिन्यांत कुठलेही १० दिवस वापरता येणारा घ्या. आणि इंटररेल बघत बसू नका, तो युरोपात राहणाऱ्यांसाठी असतो.