लग्नाच्या डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइल्सची एडिटिंगसाठी एकच फाइल कशी करू?

बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी, आत चार व्हीओबी (डीव्हीडीतला व्हिडिओ ज्यात असतो त्या फाइल्स), त्यांची एक फाइल करून एडिटिंग करायचंय, इथपर्यंत तुमचा प्रश्न सरळ आहे. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, 'मित्र म्हणतो एखाद्या ऑनलाइन कन्व्हर्टरला टाकून एमपीफोर कर, साइजपण कमी होईल.' हा मित्र आमच्या घरातही आहे. थोरल्या चुलत्यांचा मुलगा. म्हणून एवढं लांबण लावतोय.

आधी कामाचं. कन्व्हर्ट करूच नका. मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर घ्या, त्यात डिस्क उघडा, सगळ्यात लांबीचं टायटल (डिस्कवरचा एक सलग व्हिडिओ) निवडा आणि एमकेव्ही फाइल काढा. चित्र आणि आवाज जसेच्या तसे येतात, फक्त एका फाइलीत. तुकडे शूटिंगवाल्याने केलेले नसतात, डीव्हीडीत एक व्हीओबी 1 जीबीच्या वर जाऊच शकत नाही म्हणून ते पडतात. कुठल्या तुकड्यापुढे काय याची नोंद आयएफओ फाइलीत असते, त्यामुळे नुसत्या व्हीओबी उचलून आणू नका, अख्खं फोल्डर आणा. नावाच्या शेवटी शून्य असलेली व्हीओबी म्हणजे मेनू, तिचा लग्नाशी संबंध नाही. कॉपी कमांडने व्हीओबी एकामागे एक चिकटवणारेही आहेत. कधी जमून जातं, कधी मध्येच वेळेची नोंद परत शून्यापासून सुरू होते आणि भटजींचे ओठ एकीकडे, मंगलाष्टकं दुसरीकडे.

आता आमची गोष्ट.

आमचे तात्या, म्हणजे धाकटे चुलते, पहिलवान. 2007 सालच्या चैत्रातल्या जत्रेत गावच्या मैदानात त्यांची कुस्ती लागली होती. तात्यांचं वय झालेलं, समोरचा शेजारच्या तालुक्यातला तरणा पोरगा. बराच वेळ नुसती खडाखडी चालली. मग तात्यांनी ढाक मारली, दोघंही मातीवर गेले, पडता पडता त्या पोराने अंग फिरवलं आणि पंचांनी शिट्टी मारली. तात्या चीत. तात्या उठले ते पाठ दाखवतच पंचांकडे गेले, माती एकाच खांद्याला लागलीय म्हणून. पण तोवर हलगी सुरू झालेली, पोराला खांद्यावर घेतलेलं, तात्यांचं कोण ऐकतंय?

जत्रा कमिटीने शूटिंग केलं होतं. ट्रॉलीवर उभा राहिलेला एक कॅमेरावाला, नंतर गावात वाटलेल्या डिस्क. (सगळे अजून 'सीडी'च म्हणतात.) पुढे काही वर्षांनी आमच्या दादाने, म्हणजे त्याच थोरल्या चुलत्यांच्या मुलाने, जो पुण्यात कंपनीत आहे आणि म्हणून घरातला संगणकाचा अखेरचा शब्द आहे, ती डिस्क कुठल्याशा साइटवर टाकून मोबाइलच्या मापाची एमपीफोर केली आणि घरच्या ग्रुपवर सोडली. दिवाळीला सगळ्यांसमोर त्याने नेमक्या त्या क्षणाला व्हिडिओ थांबवला. पडद्यावर काय, तर तांबड्या मातीत एक गव्हाळ गोळा. पाय कुणाचा, पाठ कुणाची, काही पत्ता नाही. 'बघा, चीतच आहेत,' दादा म्हणाला. तात्या काही न बोलता गोठ्याकडे गेले.

मी काही वर्षं लग्नांच्या शूटिंगचं मिक्सिंग केलंय. त्या गोळ्यात खांदा का दिसत नाही ते मला लगेच कळलं, पण त्या दिवाळीत ऐकून कोण घेणार होतं? म्हणून तुम्ही ऐका.

आपल्याकडची डीव्हीडी पाल या टीव्हीच्या जुन्या पद्धतीची. 720 बाय 576 ठिपके, सेकंदाला 25 फ्रेम. पण त्या काळच्या साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याची एक फ्रेम म्हणजे एक क्षण नव्हे. तिच्यात दोन फील्ड असतात, एकात विषम रेघा, दुसऱ्यात सम, आणि दोन्हींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. म्हणजे डिस्कवर सेकंदाला 50 वेगवेगळे क्षण आहेत. कॉम्प्युटरवर हालचालीच्या जागी दातेरी रेघा दिसतात त्या यामुळेच. कन्व्हर्टर ते दात घालवायला एक फील्ड टाकून देतो नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळतो. वर फाइल लहान करायची म्हणून बिटरेट (दर सेकंदाला वापरला जाणारा डेटा) उतरवतो, आणि बिटरेट उतरला की आधी मार बसतो तो जोरात हलणाऱ्या चित्राला. डीव्हीडीतला व्हिडिओ एमपेग-2 पद्धतीने दाबून लहान केलेला, म्हणजे आधीच चरकातून निघालेला ऊस आहे. तो पुन्हा चरकात घातलात तर हाती चिपाड.

मूळ डिस्क चुलतीच्या कपाटात साड्यांखाली सापडली. ओरखडे भरपूर, वर देवाच्या फोटोचं स्टिकर. अशी डिस्क पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ ओढायचं, गोल फिरवायचं नाही. स्टिकर उपटायच्या भानगडीत पडू नका, डिस्क खराब होऊ शकते. माझा ड्राइव्ह मधल्या एका भागावर अडकून बसायचा, म्हणून लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर लावलं. ते आधी चांगला भाग उचलून घेतं आणि खराब जागांकडे नंतर परत येतं. उरलेलं मित्राच्या जुन्या ड्राइव्हने वाचलं. ड्राइव्ह बदलून बघा, ही युक्ती मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडलीय. असा आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत) हाती आला, त्यातून एमकेव्ही, आणि मग एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमध्ये फील्ड सुट्या करणारा बीडब्ल्यूडिफ फिल्टर लावून प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम काढली. सेकंदाला 50.

एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलो. तात्यांचा डावा खांदा मातीला लागलेला. उजवा त्या पोराच्या मांडीवर. शिट्टी ऐकू येते तेव्हाही मांडीवरच. मग पोरगा पाय काढून घेतो आणि तात्या कुशीवर वळतात. दुसरा खांदा मातीला लागलाच नाही.

दादाचं म्हणणं, एका फील्डला 288च रेघा, त्यात काय दिसणार? अरे, मांडी दिसते. दुसरं म्हणणं, मैदानात पंचांचा निकाल शेवटचा. मान्य, शंभर टक्के मान्य. मग दिवाळीला एमपीफोर थांबवून पुरावा कोण दाखवत होतं?

असो, तुमचं लग्न. केडेनलाइव्ह, शॉटकट यांसारखे एडिटर एमकेव्ही सरळ घेतात. तुमचं सॉफ्टवेअर घेत नसेल किंवा टाइमलाइनवर अडखळत असेल तर त्या एमकेव्हीतून डीएनएक्सएचआर किंवा प्रोरेस (एडिटिंगसाठीच्या, कमी दाबलेल्या) फाइल काढा, तासाला पंधरा-वीस जीबी जातील हे धरून. 50 फ्रेमची काढलीत तर साधारण दुप्पट. फाइल मोठी झाली म्हणून घाबरू नका, काम संपल्यावर उडवायची आहे. हारांची धावपळ, अक्षता, वरातीतला नाच असलं काही स्लो मोशनमध्ये हवं असेल तर 50 फ्रेमचीच घ्या. आणि माप बघा. जुना चौकोनी व्हिडिओ 720 बाय 576 असाच पसरला तर माणसं जरा बारीक दिसतात, 768 बाय 576 धरला की नीट होतात. (वधूपक्षाची तक्रार नसेल तर तसंच राहू द्या.) हँडब्रेक हे फाइल लहान करायचं सॉफ्टवेअर वाईट नाही, पण त्याची जागा शेवटी, एडिटिंग झाल्यावर. आयएसओ दोन ठिकाणी ठेवा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. विधी आणि रिसेप्शन अशी वेगळी टायटल असतील तर दोन एमकेव्ही निघतील, त्या टाइमलाइनवर एकापुढे एक लावा. डिस्क रेकॉर्डरवर भरलेली आणि फायनलाइझ (इतर मशीनवर वाचता यावी म्हणून शेवटी बंद) न केलेली असेल तर कॉम्प्युटरला ती कोरी वाटू शकते, ज्या मशीनवर भरली तिथेच फायनलाइझ करून घ्या. हे सगळं घरच्या डिस्कसाठी आहे, विकतच्या सिनेमाच्या डिस्कला कुलूप असतं, त्याचा कायदा वेगळा. आणि फक्त वाढदिवसाला स्टेटस ठेवायचं असेल तर खरं सांगतो, मित्राचंच ऐका, पाच मिनिटांत काम होईल. डिस्क मात्र त्याच्याकडे देऊ नका.

दादा, हे वाचशीलच. ती 50 फ्रेमची फाइल ग्रुपवर मागू नकोस. व्हॉट्सअ‍ॅप तिची परत तुझीवाली करून ठेवेल. गावी ये, लॅपटॉपवर दाखवतो, तात्यांना शेजारी बसवून.