हेडगार्ड घातले होते, तरी डोके का दुखते?

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा दोन वर्षांपासून बॉक्सिंग शिकतो. आमचे घर कुस्तीचे; सासरे खासबागेत लढलेले. त्यामुळे नातू खेळात उतरला याचे सर्वांना कौतुकच आहे. मागच्या आठवड्यात सरावात त्याच्या जबड्यावर ठोसा बसला. तो पडला नाही, बेशुद्धही झाला नाही, पण घरी आल्यावर जेवला नाही, ट्यूबलाइटचा उजेड त्याला सहन होईना आणि "आई, आज वार कोणता?" हे त्याने मला दोनदा विचारले. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा स्पॅरिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला गेला. अजून अधूनमधून डोके दुखते म्हणतो. प्रशिक्षकांचे म्हणणे, हेडगार्ड (डोक्याभोवतीचे मऊ कवच) होते, काळजी करू नका. त्याला भारीतले हेडगार्ड घेऊन द्यावे, की खेळच बंद करावा?
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, या दोन्हींचा विचार नंतर करू. आधी त्याचे स्पॅरिंग आजच थांबवा आणि त्याला डॉक्टरांना दाखवा. पत्रावरून निदान करता येत नाही, पण उजेड सहन न होणे, तोच प्रश्न पुन्हा विचारणे आणि आठवडा उलटूनही डोके दुखणे या तिन्ही गोष्टी मेंदूला हादरा बसल्याकडे, म्हणजेच कन्कशनकडे बोट दाखवतात. शुद्ध हरपली नाही म्हणजे मेंदू सुखरूप, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कन्कशन झालेल्या बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही.

आता हेडगार्डविषयी. गाडग्यात दही लावले आहे आणि ते गाडगे कोणी हिसका देऊन फिरवले, अशी कल्पना करा. गाडग्याला टवकाही जात नाही, पण आतले दही मोडते. बाहेरून जाड फडके गुंडाळले असते तरी दही मोडलेच असते. जबड्यावर बाजूने किंवा खालून बसलेल्या ठोशाने डोके झटक्यात वळते, कवटीच्या आतला मेंदू त्या वेगाने वळू शकत नाही, आणि त्याच्या नाजूक तंतूंवर ताण येतो. हिसका जबर असेल तर मेंदूवरून जाणारी बारीक शीर तुटून आत रक्त साचते, आणि बॉक्सरच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. हेडगार्डमुळे भुवई फुटत नाही, कानाला मार लागत नाही, पण डोक्याचे हे वळणे त्याने थांबत नाही. ऑलिंपिकमध्ये 1984 साली हेडगार्ड सक्तीचे झाले, मात्र 2013 पासून आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ पुरुष गटातून ते काढून टाकले आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवायच लढले. तो निर्णय योग्य होता का, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. तुमच्या मुलाने ते घालावेच. फक्त ते घातले म्हणून मेंदू वाचला, असे कोणी मानू नये. म्हणून महागड्या हेडगार्डवर पैसे घालण्याची गरज नाही.

मला अधिक चिंता वाटते ती तो तिसऱ्या दिवशी पुन्हा रिंगमध्ये उतरला याची. पहिला हादरा बरा होण्याआधी दुसरा बसला, तर कोवळ्या वयात मेंदूला अचानक जीवघेणी सूज येऊ शकते. असे क्वचित घडते, पण घडले की उपचाराला वेळ मिळत नाही. म्हणूनच हौशी बॉक्सिंगच्या नियमांत डोक्याच्या मारामुळे लढत थांबवली गेली, तर किमान 30 दिवस लढत आणि स्पॅरिंग दोन्ही बंद असतात. सरावात मात्र तेथे ना पंच असतो ना डॉक्टर, त्यामुळे तोच मार नोंदीविना जातो.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी रिंगजवळ बसलो होतो. फेरी संपल्याची घंटा झाली आणि निळ्या कोपऱ्यातला मुलगा सरळ तांबड्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्याकडे चालू लागला. प्रेक्षक हसले. त्याच्या साहाय्यकाने त्याला दंडाला धरून परत आणले, तोंडावर पाणी मारले आणि पुढच्या फेरीला सोडले. ती लढत तिथेच थांबायला हवी होती. कुस्तीत गुडघा दुखावला की पैलवान लंगडतो आणि वस्ताद त्याला बाहेर बसवतात; मेंदू दुखावला तर लंगडणे दिसत नाही, आणि मुलगा स्वतःहून सांगत नाही, कारण सांगितले तर आपण भित्रे ठरू असे त्याला वाटते.

डॉक्टरांनी तपासल्यावर पहिले एक-दोन दिवस आराम, मग शाळा, मग चालणे, हलके धावणे, पुढे पंचिंग बॅगवरचा सराव, असे एकेक पायरीने जावे. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यावा आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे यावे. समोरच्याचा ठोसा मात्र सर्व लक्षणे गेल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. सीटी स्कॅन निर्दोष आला म्हणून सूट देऊ नये. रक्तस्राव आहे का हे त्यात कळते, कन्कशन दिसत नाही. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, फिट येणे, बोलणे अडखळणे किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी होणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असो की पहाट, कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या रुग्णालयात तातडीने न्यावे.

खेळ बंद करावा का? डोक्यावर मारून गुण मिळतात तोवर हा खेळ पूर्ण निर्धोक होणार नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. जुन्या बॉक्सरांचे अडखळते बोलणे आणि डगमगती चाल यांची नोंद अमेरिकेतील डॉ. मार्टलँड यांनी 1928 सालीच केली होती, आणि आज आपल्याला माहीत आहे की नॉकआउटइतकेच रोजच्या सरावातले शेकडो लहान ठोसेही मोजावे लागतात. तरीही मी त्याला लगेच खेळ सोडायला सांगणार नाही. प्रशिक्षकांना भेटा, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. त्यांनी ती मानली, तर मुलगा तेथेच शिकू द्या. त्यांनी ती हसण्यावारी नेली, तर त्याच दिवशी त्याला तेथून काढा.

प्रश्न : मी शिवाजी पेठेत मुलांना बॉक्सिंग शिकवतो. स्पॅरिंगशिवाय मुले तयार होत नाहीत. मग ते किती करावे?
– एक प्रशिक्षक

उत्तर : स्पॅरिंग करा, पण पूर्ण जोराचे स्पॅरिंग लढतीच्या तयारीपुरतेच ठेवा. एरवी फक्त छाती-पोटावर मारण्याचे, किंवा एकाने मारायचे व दुसऱ्याने नुसते चुकवायचे असे सराव भरपूर घ्या. पदलालित्य आणि बचाव त्यातूनच पक्का होतो. जोड लावताना वजनाबरोबर अनुभवही पाहा. एक वही ठेवा आणि कोणाला कधी डोक्यावर जबर ठोसा बसला हे त्याच दिवशी लिहा. वजन उतरवण्यासाठी ज्याने पाणी पिणे तोडले आहे, त्या मुलाला त्या दिवशी कोणासमोरही उभे करू नका.