तक्ता करण्याआधी दाढा बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. दोन समाजांच्या दाढांची तुलना करायची म्हणतेस आणि पहिल्याच पानावर दोन सरासऱ्या शेजारीशेजारी मांडून मोकळी झालीस. एवढी घाई नको. एकाच समाजातल्या माणसामाणसांच्या दाढांत केवढा फरक असतो, तो आधी नजरेत मुरू दे. बहुतेक वेळा तोच मोठा निघतो.

सुरुवात वरच्या पहिल्या दाढेपासून कर. तिच्या जिभेकडच्या बाजूला, पुढच्या उंचवट्याला लागून काहींना एक जादा उंचवटा असतो. व्हिएन्नाचे दंतवैद्य गेओर्ग काराबेली यांनी १८४२ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून तो काराबेलीचा उंचवटा. तुमच्यापैकी बरेच जण रकान्यात नुसतं 'आहे' किंवा 'नाही' लिहितात. मला त्याचा राग येतो. कुणाला तिथे बारीक चर असते, कुणाला खळगा, तर कुणाला चांगला सुटा, टोकदार उंचवटा. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या दातांची ठेवण नोंदवण्याच्या १९९१च्या पद्धतीत यासाठी ० ते ७ अशा पायऱ्या आहेत, त्या उगीच नाहीत. दाढांचे प्लास्टरचे नमुने समोर ठेवूनच पायरी ठरव, आठवणीवर विसंबू नकोस.

मग मागे सरकत जा. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा पाच उंचवटे, दुसरीला अनेकदा चारच. अक्कलदाढेचं तर विचारूच नकोस: कुणाची खुंटीएवढी, कुणाची सुरकुतलेली, आणि जगभरात साधारण पाचातल्या एकाला निदान एक तरी येतच नाही. पहिली दाढ जन्माच्या सुमारास घडू लागते, अक्कलदाढ त्यानंतर कित्येक वर्षांनी. उंदरांवरच्या २००७ सालच्या प्रयोगांत दिसलं, की आधी घडणारी दाढ मागच्या दाढांची वाढ रोखून धरते. माणसातही मागची दाढ जास्त बदलती का, याचा एक धागा तिथे सापडतो. म्हणून वंशाचा माग काढायचा तर पहिल्या दाढेवर भिस्त ठेव. मात्र मागच्या दाढा टाकून देऊ नकोस.

आता कॅलिपर, म्हणजे दाढ मोजायचं चिमट्यासारखं साधन. शेजारच्या दाताशी घासून दाढेची पुढून मागे लांबी कमी होत जाते. गालाकडून जिभेकडची रुंदी त्यामानाने टिकते. वय न पाहता लांबी मोजलीस, तर म्हाताऱ्यांचा वेगळाच 'समाज' तयार होईल! पुरुषांच्या दाढा सरासरीने किंचित मोठ्या, पण दोन्हींची मापं एकमेकांत इतकी मिसळतात की एका दाढेवरून स्त्री की पुरुष हे सांगायला जाऊ नकोस. आणि तीच दाढ काही दिवसांनी, आधीचा आकडा न पाहता, पुन्हा मोज. तुझ्याच दोन मापांत येणारा फरक किती, हे कळल्याशिवाय दशांश मिलिमीटरवर वाद घालण्यात अर्थ नाही.

शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं काम जरूर वाच. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन दफनांत बहुतेक लहान मुलंच आहेत, त्यामुळे ल्युकाक्स आणि वाळिंबे या मानवशास्त्रज्ञांनी दुधाच्या दातांचाही बारकाईने अभ्यास केला. दुधाची दुसरी दाढ घडणीने कायमच्या पहिल्या दाढेसारखी असते, हे ध्यानात ठेवून वाचलंस तर त्यांच्या नोंदी तुझ्या कामाशी सहज जुळतील.

पुढच्या वेळी सरासरी पाठवू नकोस. प्रत्येक माणसाचा एक ठिपका असा आलेख पाठव, आणि घोळक्याबाहेर पडलेल्या ठिपक्यांचे प्लास्टरचे नमुने वेगळे काढून ठेव. ते मला स्वतः पाहायचे आहेत.

तुझे सर