एक्सपांडर भरून घ्यायला पहिल्यांदा जाताना

अगं, एक्सपांडर म्हणजे स्तन काढल्यावर नवा घडवण्यासाठी कातडीखाली ठेवलेली पिशवी, हळूहळू सलाईन भरून कातडी ताणणारी. ती भरायच्या सुईची एवढी धास्ती घेऊ नकोस. स्तनाच्या ऑपरेशननंतर तिथली कातडी बहुतेकींची बधिर असते, टोचलेलं जेमतेम कळतं. त्रास होतो तो संध्याकाळी, छाती ताणायला लागते तेव्हा. एक-दोन दिवसांत ओसरतो. कोणती गोळी चालेल ते तिथेच विचारून घे.

आतल्या सिलिकॉनच्या पिशवीला एक झडप असते आणि बऱ्याच प्रकारांत त्या झडपेत लोहचुंबक. डॉक्टर कातडीवरून छोटं यंत्र फिरवतात. त्यात टांगलेला चुंबक सरळ लोंबला की झडप बरोबर त्याखाली. तिथे पेनाने फुली, मग जंतुनाशक, मग बारीक सुई. एका वेळी साधारण ५० ते १०० मिली सलाईन जातं.

फार आवळल्यासारखं झालं तर तिथल्या तिथे बोल. त्याच सुईने थोडं सलाईन परत काढता येतं, हे कित्येकींना माहीतच नसतं! सोसत बसण्यात काही शहाणपण नाही, घाई असेल ती डॉक्टरांना असू दे. रेडिएशन व्हायचं असेल तर किती, कधी भरायचं हे सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर या दोघांना आपसांत बोलून ठरवायला लाव.

पुढून बटणांचा कुर्ता घाल. एक्सपांडरचं कार्ड पर्समध्ये कायम ठेव. चुंबकवाल्या झडपेला एमआरआय सहसा चालत नाही, कुणीही लिहून दिला तरी आधी कार्ड दाखव. ताप आला, लाली पसरली किंवा पिशवी अचानक बसली तर त्याच दिवशी फोन कर.