जेट इंजिनाच्या कंपनाचं नुसतं एफएफटी काढून बिघाड का सापडत नाही?

मोटरच्या कंपनाचं एफएफटी (सिग्नलमध्ये कोणत्या वारंवारता किती जोराच्या आहेत ते दाखवणारं गणित) काढलं की बेअरिंगचा बिघाड दिसतो, मग जेट इंजिनाला तेवढंच का पुरत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी याच प्रकारच्या सिग्नलवर काम करते. एफएफटी लागतंच, पण खरी मेहनत त्याच्या आधीची आहे.

पहिली अडचण वेगाची. इंजिनात एकात एक बसवलेले दोन शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि ते वेग सतत बदलतात. बोइंग ७३७ वरचं सीएफएम५६-७बी घ्या. १०० टक्के वेगाला पंख्याचा शाफ्ट मिनिटाला ५,१७५ फेरे घेतो, उच्चदाबाचा शाफ्ट १४,४६०. म्हणजे साधारण ८६ आणि २४१ हर्ट्झ. टेकऑफला हे आकडे काही सेकंदांत झपाट्याने चढतात. तेवढ्या तुकड्याचं सरळ एफएफटी काढलं तर टोकदार शिखराऐवजी पसरट उंचवटा दिसतो. म्हणून टॅकोमीटरच्या (शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) पल्स वापरून सिग्नल नव्याने सॅम्पल करायचा, असा की दोन नमुन्यांमध्ये वेळ नाही, शाफ्टचा कोन सारखा राहील. मग आडव्या अक्षावर हर्ट्झ उरत नाहीत, ‘एका फेऱ्यात किती वेळा’ हे येतं. असंतुलन एकावर दिसतं, पंख्याची २४ पाती २४ वर, वेग कितीही बदलो.

बेअरिंग मात्र एवढ्यानेही हाती लागत नाही. रिंगेचा टवका उडाला की त्यावरून जाणारा प्रत्येक रोलर बारीकसा ठोका देतो. असंतुलनाच्या मोठ्या कंपनापुढे तो कुठल्या कुठे बुडून जातो. पण त्या ठोक्याने आजूबाजूचा धातू काही किलोहर्ट्झवर झणझणतो. तेवढा पट्टा फिल्टरने वेगळा काढायचा, हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म या गणिती क्रियेने त्याचा एन्व्हलप, म्हणजे झणझणाटाच्या चढउताराची बाह्यरेषा, घ्यायचा आणि एफएफटी त्या एन्व्हलपचं काढायचं. सेकंदाला किती ठोके पडतात ते आता दिसतं.

ते कुठे शोधायचं? बाहेरच्या रिंगेसाठी ढोबळ हिशेब असा: ०.४ गुणिले रोलरची संख्या गुणिले वेग. इथे बरेच जण फसतात. दोन शाफ्टच्या मधल्या बेअरिंगच्या दोन्ही रिंगा फिरत असतात, तेव्हा वेग एका शाफ्टचा धरून चालत नाही. दोन्ही शाफ्ट एकाच दिशेने फिरत असतील तर दोन वेगांतला फरक घ्यावा लागतो. समजा रोलर २० आहेत. फरक १५५ हर्ट्झ, म्हणून ठोके सुमारे १,२४० हर्ट्झवर. २४१ धरून बसलात तर १,९२८ जवळ शोधत राहाल आणि बिघडलेलं बेअरिंग ठणठणीत ठरवाल.

रोलर थोडे घसरतात, त्यामुळे खरा आकडा एखाद-दोन टक्के इकडे-तिकडे असतो. ही घसरण उलट कामाला येते, आणि या सगळ्या विषयात मला हेच सर्वांत देखणं वाटतं. गिअर आणि असंतुलन शाफ्टला जखडलेले असतात. शेकडो फेऱ्यांची सरासरी काढली की ते तेवढे टिकतात; ठोके दर फेऱ्यात त्याच जागी पडत नसल्याने पुसले जातात. ही सरासरी मूळ सिग्नलमधून वजा करा. बेअरिंगचा आवाज मोकळा होतो.

अर्थात सेन्सरवर भरवसा असेल तरच. कनेक्टर सैल असला की स्पेक्ट्रम (एफएफटीचा आलेख) शून्य हर्ट्झजवळ उंच चढतो आणि पुढे घसरगुंडीसारखा उतरतो. असा आलेख आला की इंजिनाला दोष देण्याआधी केबल तपासायची.

आणि काही बिघाड कंपनात वेळेवर दिसतच नाहीत. १७ एप्रिल २०१८ ला साउथवेस्ट या अमेरिकी विमान कंपनीच्या १३८० क्रमांकाच्या उड्डाणात याच सीएफएम५६-७बी इंजिनाचं पंख्याचं पातं मुळाशी तुटलं आणि एका प्रवाशाचा जीव गेला. कारण होतं धातूच्या थकव्याने पडलेली भेग. पातं जागेवर असेपर्यंत अशा भेगेने तोल फारसा ढळत नाही. त्यानंतर एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने जास्त उड्डाणं झालेल्या पात्यांची अल्ट्रासोनिक तपासणी सक्तीची केली.